सुगंधाने घर काढलं

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धाकट्या जावेच्या कांदिवलीच्या घराला एजंटने पावणेदोन लाख भाव सांगितला, हे कानावर आल्यापासून सुगंधाला जेवण गोड लागेना. रत्नप्रभा लग्न होऊन आली तेव्हा तिला बांगड्याचं तिखलंसुद्धा धड रांधता येत नव्हतं, तेही सुगंधानेच शिकवलं. आणि आता तिचं घर पावणेदोन लाखांचं! बोरिवलीचं आपलं घर त्याहून कमी असेल, हे सुगंधाच्या मनाला पटणं शक्यच नव्हतं.

तिने त्याच नंदू एजंटला बोलावून घेतलं. नवऱ्याला, काशीरामला, यातलं अवाक्षर सांगितलं नाही. नुसता भाव ऐकायला मी चपला झिजवत नाही, घर खरंच विकायला काढलंय ना, असं नंदूने दारातच विचारलं. ती बेधडक हो म्हणाली. मग त्याने टेप लावून खोल्या मोजल्या. मोरी आणि गॅलरी सोडू नका, हे तिने दोनदा बजावलं. घेणाऱ्या पार्टीशी बोलून आकडा सांगतो म्हणून तो गेला.

चार दिवसांनी परत आला. "दोन लाख दहा. पार्टी तयार आहे."

सुगंधाला घर विकायचं थोडंच होतं? ह्यांना विचारून कळवते म्हणत तिने नंदूला वाटेला लावलं, ठेवणीतली साडी नेसली आणि कांदिवली गाठली. जावेपेक्षा पस्तीस हजार जास्त! इतका आनंद तिला स्वतःचं घर घेतानाही झाला नव्हता.

रत्नप्रभाने चहा टाकला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सुगंधाने हळूच विषय काढला. सहज भाव काढला गं आमच्या घराचा, दोन लाख दहा आला.

चहा गाळता गाळता रत्नप्रभा थांबली. "वहिनी, म्हणजे ते घर तुमचं?"

नंदूने तिला फक्त बिल्डिंगचं नाव आणि दुसरा मजला एवढंच सांगितलं होतं. तिला वाटलं, वहिनींच्या शेजारचं कोणीतरी चाललंय. कांदिवलीचं घर विकून आणि वरच्या पैशांसाठी ऑफिसातून कर्ज काढून ती आणि तिचा नवरा शिवदास तिकडे यायला निघाले होते, तेही घर न बघता.

"ती पार्टी आम्हीच, वहिनी. हे म्हणत होते, तिथे एक साठच्या वर भाव नाही. पण मीच हट्ट धरला. म्हटलं, तुमच्या शेजारी राहायला मिळतंय, तर पन्नास हजार जास्त गेले तरी जाऊ देत."

एक साठ. म्हणजे हिच्याहून पंधरा हजार कमी. सुगंधाने आधी तेवढंच मोजलं. जाऊ काय बोलली ते तिच्या ध्यानात मागाहून आलं, आणि मग समोर ठेवलेल्या कपावरून तिला नजर वर उचलवेना.