पुसलेला समास

"बाई, ‘हा माणूस गाढव आहे’ असं लिहिलंय इथे," डिंकमामा म्हणाले. "आता नायक गाढव की लेखक, ते काही कळत नाही."

"कुठे लिहिलंय? पान कोरं आहे."

"कोरं कसलं! जरा तिरपं धरा. खिडकीकडे. हां, आता बघा."

बाईंनी पान तिरपं धरलं. समासात खरोखरच अक्षरं होती. शाईची नव्हेत, शिशाचीही नव्हेत. नुसते चरे. कुणीतरी पेन्सिल दाबून लिहिलं होतं, नंतर ते पुसलं गेलं होतं, पण कागदाने ते सोडलं नव्हतं.

"पुसल्यावरसुद्धा राहतं हे?"

"राहणारच की. शिसं निघतं, दाब कुठे जातो? पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा वरून, अक्षर न् अक्षर उठून येतं. जुने शिक्के असेच वाचायचो आम्ही बांधणीत." मामा हसले. "म्हणजे एकतीस वर्षं दर शनिवारी तुम्ही पुसत बसलात, ते फुकटच म्हणायचं!"

बाई हसल्या नाहीत. हातातलं पुस्तक खाली पडलं. इतक्या वर्षांत बाईंच्या हातून पुस्तक पडलेलं मामांनी पाहिलं नव्हतं.

"काय झालं?"

"आठ हजार आठशे सोळा," बाई म्हणाल्या. "तो गठ्ठा कुठे आहे?"

*

वाचनालय बंद होत होतं. चौदा हजार पुस्तकांपैकी चारशे कुणीतरी मागून नेली होती. बाकीची सुतळीने वीस-वीसच्या गठ्ठ्यांत बांधून ट्रकमध्ये चढत होती. ट्रक पाच वाजता लगद्याच्या कारखान्याकडे निघणार होता. चांगले पुठ्ठे काढून घ्यायला बांधणीवाले मामा आले होते. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण नखांत कायम डिंक असायचा म्हणून सगळे त्यांना डिंकमामाच म्हणत.

बाईंचं काम देवघेवीच्या खिडकीवर. शिवाय शनिवारी दुपारी दोनला वाचनालय बंद झालं की पाचपर्यंत पुसणं. आठवडाभरात परत आलेली सगळी पुस्तकं घ्यायची, पान पान उलटायचं आणि लोकांनी पेन्सिलने केलेल्या खुणा, शेरे, बदाम, शिव्या खोडरबराने पुसायच्या. हा नियम बाईंच्या आधीच्या ग्रंथपालांनी घातला होता. ते गेले, नियम राहिला. बाईंचा हात इतका साफ होता की पान भिंगाखाली धरलं तरी कळलं नसतं.

*समासात —*

*तू पाच वर्षांचा असल्यापासून शनिवारी माझ्याशेजारी बसायचास. टेबलाखाली पाय हलवत. एकदा विचारलंस, "आई, हे काय लिहिलंय?" मी म्हटलं, "आपण वाचायचं नाही. वाचत बसलो तर काम संपेल का? नजर रबराच्या टोकावर." तू म्हणालास, "मग ज्याने लिहिलं त्याचं कुणी वाचायचं?" मी तुला दुसरं खोडरबर दिलं आणि गप्प बसवलं.*

*सारखा पुस्तकात तोंड खुपसलेला म्हणून तुला ‘किडा’ म्हणायची मी. तुला ते आवडायचं.*

*

"आठ हजारांचे गठ्ठे ट्रकात गेले असतील," मामा म्हणाले. "काल सकाळीच. पण बाई, त्याचं काय एवढं?"

"माझ्या मुलाने परत केलेलं शेवटचं पुस्तक."

मामांनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

मुलगा अकरा वर्षांपूर्वी गेला, हे मामांना ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. शनिवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, थिएटरसमोरच्या रस्त्यावर, टेम्पोखाली. कागदोपत्री अपघात. पण त्याच्या आधी नऊ दिवस बाईंनी त्याला घराबाहेर काढलं होतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभर अभ्यास करून ऐन परीक्षेच्या दिवशी तो पेपरला न जाता सिनेमाला जाऊन बसला होता. बाई म्हणाल्या होत्या, "तिथेच राहा मग. या घरात पाऊल टाकू नकोस." तो मित्राकडे राहायला गेला. पुढचं झाल्यावर लोक बाईंच्या समोर काही बोलले नाहीत. पाठीमागे बोलले, "टेम्पो अंगावर आला, की पोरगाच गेला त्याच्या पुढ्यात, कुणी बघितलंय?"

पोलिसांनी पाकिटातून त्याच्या वस्तू दिल्या. घड्याळ, रुमाल, घराची किल्ली. आणि दोन तिकिटं. त्याच संध्याकाळच्या सहाच्या खेळाची, शेजारशेजारच्या खुर्च्यांची. दोन्ही न फाटलेली.

*समासात —*

*दुसरं कुणाचं? अकरा वर्षं मी तेवढंच विचारतेय. तुझ्या वर्गातल्या त्या कुरळ्या केसांच्या मुलीच्या घरी जाऊन भांडले. "तू का गेली नाहीस? तू गेली असतीस तर तो आत बसला असता!" बिचारी रडायला लागली. म्हणाली, "काकू, त्याने मला बोलावलंच नव्हतं." मी विश्वास ठेवला नाही. अजूनही रस्त्यात तुझ्या वयाची बाई दिसली की मी तिच्याकडे बघत राहते. तुझ्या वयाच्या बायका आता मुलांना शाळेत सोडतात.*

*

ट्रकच्या फळीवर साठीला टेकलेली बाई चढताना पाहून ट्रकवाल्याने विडी तोंडातून काढली.

"ओ मावशी! पडाल! काय पाहिजे सांगा, मी देतो."

"तुम्हाला नाही सापडणार."

"अहो, मला पाचला निघायचंय. वजनकाटा बंद होतो तिकडे."

"निघा पाचला. मला घेऊन निघा हवं तर."

मामांनी खालून कटर वर दिला आणि ट्रकवाल्याला म्हणाले, "दादा, तुम्ही विडी ओढा. एक संपली की दुसरी. मी देतो."

बाईंनी पहिल्या गठ्ठ्याची सुतळी कापली. चार हजार एकशे. दुसरा. बारा हजार. कशाचा कशाला मेळ नव्हता. बुधवारी त्यांनी स्वतः दाखल क्रमांकाप्रमाणे गठ्ठे लावले होते. चढवणाऱ्यांनी हाताला येईल तसे फेकले होते. पुस्तकं घसरून पायावर पडत होती. बाई एकेकाच्या पाठीवरचा आकडा बघत आणि मागे टाकत. त्यांनी आयुष्यात कधी पुस्तक असं टाकलं नव्हतं. धुळीने खोकला येत होता, साडीचा काठ खिळ्यात अडकून टर्रकन फाटला, अंगठ्याला कटर लागला.

"बाई, रक्त येतंय."

"येऊ दे. वाजले किती?"

"चार दहा."

*समासात —*

*ते पुस्तक फाटकवालीचं. रेल्वेच्या फाटकावर काम करणारी बाई, भांडून गेलेला तिचा भाऊ. मी ते वाचलं नव्हतं. मी त्याच्यावरून काढलेला सिनेमा पाहिला होता, तुझ्या वडिलांबरोबर, लग्नानंतर पहिला. पुढे ते गेले आणि तो सिनेमा परत लागला की मी तुला घेऊन जायची. शेवटी गाडी थांबते, भाऊ उतरतो, ती हातातला कंदील खाली ठेवते. तिथे मी रडायची. दर वेळी. आणि तू दर वेळी माझ्या कानात सांगायचास, "आई, पुस्तकात तो उतरत नाही. गाडी तशीच निघून जाते." मी म्हणायची, "मग मला नको तुझं पुस्तक."*

*परीक्षेच्या दिवशी तू तोच सिनेमा बघत होतास. परत लागला होता. मी ते विचारलंसुद्धा नाही. नंतर वर्तमानपत्रात पाहिलं.*

*गुरुवारी तू खिडकीवर आलास. सात दिवसांनी पहिल्यांदा. दाढी वाढली होती. पुस्तक पुढे सरकवलंस. "आई—" म्हणालास. मी तारखेचा शिक्का मारला आणि तुझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हटलं, "पुढचे सभासद."*

*

साडेचार. मामाही आता ट्रकमध्ये चढले होते. ट्रकवाला तिसरी विडी विसरून, "आकडा काय म्हणालात?" असं विचारत गठ्ठे पुढे ढकलत होता.

"आठ आठ एक सहा."

"हे आठ आठ शून्य दोन."

"द्या इकडे. द्या!"

बाईंनी सुतळी कापली नाही, ओढूनच काढली. गठ्ठ्यात पंधरावं होतं. हिरवं कापड, पाठ उसवलेली. मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का त्या गुरुवारचा. त्यानंतर ते कुणी नेलंच नव्हतं. बाईंनी ते त्या शनिवारी पुसलं होतं आणि वरच्या फळीवर मागच्या रांगेत ठेवलं होतं. नेहमीसारखंच पुसलं होतं. नजर रबराच्या टोकावर ठेवून.

त्या पानं तिरपी धरून उलटू लागल्या. काही नाही. काही नाही. पन्नास, शंभर, दीडशे. कुणीतरी कुठेतरी ‘सुंदर!’ म्हटलं होतं, ते त्याचं अक्षर नव्हतं.

"शेवटचं बघा," मामा हळूच म्हणाले. "लिहिणारे शेवटी लिहितात."

शेवटच्या पानावर छापील मजकूर अर्धाच होता. खाली सगळी जागा कोरी. बाईंनी ती उजेडाकडे धरली. चरे दिसले, पण अक्षरं लागेनात. मामांनी पुस्तक आपल्या हातात घेतलं, कानामागची पेन्सिल काढली, आडवी केली आणि सुरवंट सरकावा तशी हळूहळू फिरवू लागले. करड्या रंगात पांढरी अक्षरं उठू लागली. काही ठिकाणी उठली, काही ठिकाणी नाही.

"वाचू?"

"नाही. मी वाचते."

*आई, तू जिंकलीस. पि चरवालाच शेवट बरोबर. परीक्षा पुढ या वेळी देतो, शप्पथ. शनिवारी सहाचा खे . दोन काढलीत. पुसून झालं की ये. मी दारात आहे. — कि*

शेवटचं अक्षर पुरतं उठलं नव्हतं. तिथे बाईंचा हात जास्त जोरात फिरला होता.

मग बाईंच्या तोंडातून जे निघालं ते रडणं नव्हतं. बोटं दारात चेंगरली की निघतो तसा आवाज निघाला, एकदाच, आणि त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. अंगठ्याचं रक्त गालाला लागलं.

"थिएटरसमोरचा चहावाला म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "तेव्हाच म्हणाला होता. तासभर दारात उभा होता, मग या बाजूला निघाला. मी त्याला म्हटलं, या बाजूला त्याचं कोण आहे?"

मामांनी पेन्सिल परत कानामागे खोचली.

"या बाजूला कोण आहे, मामा? हे वाचनालय. मी. त्या दिवशी मी मुद्दाम साडेसातपर्यंत पुसत बसले होते. घरी जायला नको म्हणून."

"बाई, म्हणजे तो मुद्दाम नाही गेला. तेवढं तरी—"

"हो. तेवढं कळलं." त्यांनी पदराने पुस्तकावरची धूळ पुसली. पदर खाली, त्या पानापर्यंत नेला नाही. "तो मला घ्यायला निघाला होता."

ट्रकवाल्याने घसा खाकरला. "मावशी, ते ठेवा तुम्ही. मी काही मोजून नेत नाही."

*

थिएटर आता नाही. तिथे गाद्यांचं दुकान आहे. वरची मोठी भिंत तशीच आहे, आणि पायऱ्या.

सहाला पाच कमी असताना बाई पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिल्या. काठ फाटलेला, अंगठ्याला मामांनी बांधलेली कापडाची पट्टी, काखेत हिरवं पुस्तक. पर्समधून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून दोन तिकिटं. घडीवर ती आता जवळजवळ दोन तुकडे झाली होती.

दुकानाचा पहारेकरी दोनदा बघून गेला. तिसऱ्यांदा जवळ आला.

"कुणाची वाट बघताय का, बाई? आत बसा की. खुर्च्या आहेत."

"नको," बाई म्हणाल्या. "मला दारात यायला सांगितलंय."

"किती वाजता?"

"सहाला."

त्याने घड्याळात पाहिलं. "मग येतील आता."

बाई भिंतीला टेकल्या. सात वाजून दहा मिनिटं होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या, थोड्या डावीकडे सरकून, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.