जावईबापूंचं शून्य

"दुखतंय का? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे जीव जातोय," डॉक्टर प्योबाईंनी विचारलं.

"शून्य," दोंगचान म्हणाला आणि सासूकडे बघून गोड हसला.

ते हसू बघून चाकाच्या खुर्चीतली ओकबुन पुढे झुकली. कालच तिची एक किडनी काढून या जावयाच्या पोटात बसवली होती. प्योबाईंनी दोघांच्याही कुशीत सुई घालून नसा बधिर केल्या होत्या. ओकबुनला आपली कूस शेजारणीची असावी तशी परकी वाटत होती. तिचं ठीक होतं. पण या माणसाने चादरीखाली पायाची बोटं आवळून धरली होती.

हे हसू तिच्या चांगलं ओळखीचं. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आला तेव्हा तिने जावयासाठी कोंबडी शिजवली, ती वाढत गेली आणि हा "छान झालंय, आई" करत खात गेला. अंगात ताप होता, हे लेकीकडून दुसऱ्या दिवशी कळलं. सासूपुढे नको म्हणायचं नाही, कण्हायचं नाही! बुसानच्या बाजारात तिचं गुकबापचं, म्हणजे गरम रस्सा-भाताचं दुकान. मीठ कमी पडलं तर गिऱ्हाईक तिच्या अंगावर ओरडतं. आणि घरचा जावई मात्र नऊ वर्षं पाहुणाच. किडनीसुद्धा त्याने कुठे मागितली होती? तिनेच दटावून गळ्यात मारली.

प्योबाईंनी त्याच्या टाक्यांजवळ बर्फाचा तुकडा फिरवला. गार लागत नव्हतं.

"नस छान बधिर आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, त्यांना दुखतंय."

"मावशी, ते स्वतःच नाही म्हणतायत."

"ते माझ्यासमोर मरतील, पण हो म्हणणार नाहीत!"

"आई, खरंच काही नाही," दोंगचान म्हणाला. कपाळावर घाम डवरला होता.

प्योबाईंनी लघवीच्या पिशवीकडे पाहिलं. सकाळी भराभर भरत होती, आता थेंब थेंब. "हे बघा, बधिर आहे ते वरचं. आत किडनीपाशी काही बिघडलं तर ते दुखणं तरीही जाणवतं. तेच मला कळायला हवं."

"शून्य."

"मग पाणी कमी पडलं असेल. सलाईन वाढवून थोडं थांबू."

थांबू? ओकबुनचं डोकंच फिरलं. तिची किडनी आत गुदमरत होती, आणि हा शहाणा शिष्टाचार पाळत बसला होता! तिने दोन्ही हातांनी कूस धरली आणि टाहो फोडला.

"अगं आई गं! मेले गं! कसली नस आणि कसलं बधिर, फसवलंत मला! जावईबापू, मला नाही हो सहन होत!"

दुखत काहीच नव्हतं. पण अख्खा वॉर्ड दारात जमेल असं ती विव्हळली. दोंगचान पांढराफटक पडला. जिच्या डोळ्यात कधी टिपूस दिसलं नाही, ती सासू त्याच्यासमोर गळा काढून रडत होती.

"आई..." तो म्हणाला. "मलाही. आत फाटतंय काहीतरी. पहाटेपासून."

"किती?" प्योबाई ओरडल्या.

"दहा."

मग काय पळापळ! सोनोग्राफीत किडनीभोवती साचलेलं रक्त दिसलं. पलंग तसाच ऑपरेशनकडे निघाला. प्योबाई ओकबुनकडे वळल्या, तशी ती खेकसली, "मला काही धाड भरलेली नाही! तुम्ही पळा!"

बाहेर लेक उनजू आईचा हात घट्ट धरून बसली. ओकबुनच्या कुशीतला बधिरपणा उतरत चालला होता. आता खरंच दुखायला लागलं, पण ती हलायला तयार नव्हती. किडनी गेली तर दुसरी द्यायची कुठून? त्याने अजून थोडा वेळ हसत काढला असता तर? तिला त्याचा राग येत होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. जावई जावई करत तिनेच त्याला इतका पाहुणा करून ठेवला होता.

सर्जन बाहेर आले. "रक्ताने किडनी चेंगरत होती. वाचली. लघवी सुरू झालीय. पण थोडं उशिरा कळलं असतं, तर काढून टाकावी लागली असती."

उनजू हमसून हमसून रडली. ओकबुन मात्र खुर्ची ढकलायला लावून थेट त्याच्या पलंगापाशी गेली.

दोंगचानने डोळे किलकिले केले. या वेळी तो हसला नाही.

"आई, दुखतंय. फार भीती वाटतेय. तुम्ही जाऊ नका."

नऊ वर्षांत त्याने तिच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. ओकबुनच्या डोळ्यांना धार लागली.

"मावशी, तुम्हीही पेशंट आहात, खोलीत चला बघू," नर्स म्हणाली.

"येते गं," ओकबुन म्हणाली, आणि तिने खुर्चीचा ब्रेक लावला.