समासातली सही

“यात माझं वाक्य कुठंय गं?” मोठ्या सिस्टरनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. माझ्या अकरा पानांवर त्यांची पेन्सिल नुसतीच फिरत होती.

एकवीस वर्षं मी या हॉस्पिटलात औषधांच्या डोसाचा प्रोग्राम लिहीत आले. एखादा नियम बदलला की छापील कागद घेऊन बाळांच्या वॉर्डात यायचं, सिस्टरनी पेन्सिल धरून तो मोठ्यानं वाचायचा, खाली सही करायची आणि मगच तो कॉम्प्युटरवर चढायचा. प्रोग्रामिंगच्या जुन्या भाषेत हे जमायचं. ‘मूत्रपिंड कमजोर असेल तर आधी डॉक्टरांना विचार, मग डोस दे’ हे सिस्टर जसं बोलायच्या, जवळजवळ तसंच उतरायचं. सगळे नियम मिळून एक पान.

आता कॉम्प्युटर विभागाला नवे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर नवी भाषा आली. “मॅडम, ही भाषा चुका आधीच पकडते. माणसानं वाचायची गरजच काय?” असं मीटिंगमध्ये हसत म्हणाले आणि फॉर्मवरचा सहीचा रकानाच उडवून टाकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसानं जन्मात एकदा तरी दीड किलोचं बाळ हातात घेतलंय का?

भाषेवर मात्र रागावता येत नव्हतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. पहिल्याच दिवशी तिनं मला अडवलं. बाळाचं वजन भरलंच नसेल तर काय करायचं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाऊ देईना. एकवीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं, सिस्टरनाही सुचलं नव्हतं. लाज वाटली. पण अशा एकेका शंकेचं उत्तर लिहिता लिहिता एका पानाची अकरा झाली, आणि सिस्टरची वाक्यं त्यात कुठंतरी गडप झाली.

“मग तूच वाच,” सिस्टर म्हणाल्या. “साध्या शब्दांत सांग. मी ऐकते.”

मी वाचत गेले. सातव्या पानावर पेन्सिल टेबलावर आपटली.

“थांब. डोसाची चिठ्ठी आधी छापतेस आणि डॉक्टरांना नंतर विचारतेस?”

मी पाहिलं. दोन तुकड्यांची माझ्याच हातून अदलाबदल झाली होती. भाषेला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, कारण दोन्ही तुकडे आपापल्या जागी शुद्धच होते. मी तिथंच पेननं बाण काढून क्रम दुरुस्त केला.

तेवढ्यात साहेब दारात आले. “मॅडम, चार वाजता सुरू करायचंय. झालं ना?”

“नाही झालं!” माझा आवाज चढलाच. “या सातव्या पानानं एखादं बाळ गेलं असतं. तुमच्या भाषेनं ते पास केलं होतं.”

“अहो, पण सगळ्या चाचण्या तर...”

“बसा,” मान वर न करता सिस्टर म्हणाल्या. “अजून चार पानं राहिलीत.”

साहेब बसले नाहीत. गेलेही नाहीत.

अकरावं पान संपलं तेव्हा चार वाजून गेले होते. सिस्टरनी सवयीनं खाली सहीची जागा शोधली. ती नव्हती. मग त्यांनी कागद आडवा फिरवला आणि समासात, बारीक अक्षरात, नाव आणि तारीख घातली. उरलेली दहा पानं पुढ्यात ओढून घेतली आणि प्रत्येकावर तेच केलं.