माकडांवरचा आळ

टीव्हीवर मुंग्या आल्या की येडशीकडं पहिला संशय माकडांवर जातो. रामलिंगाच्या जंगलातून टोळी येते, घरांच्या सपाट माळवदांवरून फिरते, अँटेनाच्या पाइपाला लोंबकळते आणि त्याचं तोंड भलतीकडंच करून जाते. त्यामुळं त्या संध्याकाळी बातम्यांच्या जागी नुसत्या मुंग्या दिसल्या, तेव्हा माझे सासरे उठले आणि शिडी घेऊन आले. सासऱ्यांना मी मामा म्हणते.

अँटेना फिरवायला दोन माणसं लागतात. एक वर पाइप धरायला, एक खाली टीव्ही बघायला. खालचं काम माझ्या मुलीनं, शिवांजलीनं मागून घेतलं. ती तीन वर्षांची आहे. मामा वरून विचारायचे, "आलं का गं?" ती आत बघून यायची, शिडीपाशी उभी राहायची आणि ओरडायची, "मुंग्याच!"

रोज हेच चाललं. शेवटी मी मोबाइलवर शोधलं. जवळचं प्रक्षेपण केंद्र बंद झालं होतं. अँटेनावर यायचं ते आता येणारच नव्हतं; डिजिटलला डिशची छतरी वेगळी, डबा वेगळा.

"मामा, माकडांचं काही नाही. तिकडून पाठवायचंच बंद केलंय."

"असं कसं बंद करतील? सरकारी हाय ते."

"मोबाइलवर आलंय."

"मोबाइलला आपलं माळवद दिसतंय व्हय?"

आत्या, म्हणजे सासूबाई, तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माकडं कवाच गेली रामलिंगाला. आता ह्यांच्याच उड्या चालल्यात."

मामांनी पाइपाला बाभळीचे काटे बांधले. माकडं आली नाहीत. चित्रही आलं नाही.

माझं लक्ष अँटेनाकडं नव्हतंच. आमच्या माळवदाला कठडा नाही. शिवांजली आधी शिडीला टेकून उभी राहायची, मग पहिल्या पायरीवर, मग तिच्या वरच्या. मी उतरवायची, ती पुन्हा चढायची. "मामा, खाली आलात की शिडी काढत जा," मी सांगून पाहिलं. "परत चढायचंच हाय की," ते म्हणाले. नवऱ्याला, इंद्रजितला, लातूरला फोन केला, तर तो म्हणाला, "तू उगं लई भेतीस."

त्या दिवशी मी भाकरी थापत होते. वरून आवाज आला, "आलं का गं?" नेहमीचं "मुंग्याच" ऐकू आलं, पण खालून शिडीपासून नाही, वरून. अगदी हळू. सांगायला एवढ्या जवळ गेल्यावर ओरडावं कशाला लागतंय?

मी पिठाच्या हातानं अंगणात आले. शिवांजली माळवदाच्या कडेला उभी होती, पाठ माझ्याकडं. मामा पलीकडं पाइप धरून होते. हाक मारावी तर ती दचकून वळेल. मी हाक मारली नाही. शिडीवर पाय ठेवला, तर शिडी करकरली आणि मी तो उचलला.

मामांनी मान वळवली. ते काही ओरडले नाहीत.

"तितंच बस, माये," ते म्हणाले, जेवायला बसवावं तसं. "मांडी घालून बस. म्या आलोच."

ती बसली. मामांनी पाइप सोडला. सैल केलेला पाइप काट्यांसकट कलला आणि पाठीमागच्या गल्लीत जाऊन आदळला. मामांनी तिकडं बघितलं नाही. गुडघ्यांवर रांगत आले, तिला पोटाशी धरलं आणि तिथंच बसून राहिले. मग मी वर गेले आणि तिला त्यांच्याकडून घेतलं.

खाली आल्यावर त्यांनी शिडी काढली, गोठ्यात नेली, दाव्यानं आढ्याला बांधली. आत्यांनी विचारलं, "अन् टीव्ही?" ते हात धुवायला गेले.

दोन दिवसांनी मामा स्वतःच छतरीवाल्याला घेऊन आले. तो माळवदाकडं बघत म्हणाला, "शिडी द्या."

"हितं बसव," मामांनी अंगणातली जागा दाखवली.

"जमिनीवर? आजोबा, हितं हे लेकरू हात लावंल. इंचभर हालली तरी चित्र जाईल."

"जाऊ दे," मामा म्हणाले. "चित्रच जाईल."