किंचित डावीकडे

अप्पांचं विमान तिसऱ्यांदा धावपट्टी सोडून गवतात शिरलं, तेव्हा त्यांनी जॉयस्टिकवरून उजवा हात उचलला, मांडीवर ठेवला आणि त्यावर डावा हात पालथा घातला. कमी गुणांचा कागद झाकावा तसा.

विमान घरातलंच. झोपायच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर. एक पडदा, एक हेडफोन आणि जाड बुडाची काळी जॉयस्टिक. ती पुढे ढकलली की विमानाचं नाक खाली जायचं, मागे ओढली की वर. बाजूला कलवली की पंख कलायचे, आणि मूठ जागच्या जागी पिळली की नाक डावी-उजवीकडे वळायचं. पुढे-मागे सगळं आलबेल होतं, कलण्यातही खोट नव्हती. बिनसलं होतं ते पिळण्यात. अप्पांनी मूठ सरळ धरली तरी विमान डावीकडे ओढ घ्यायचं, आणि नुसती ओढ नव्हे, हीव भरल्यासारखं त्याचं नाक थरथरायचं.

ही थरथर अप्पांच्या ओळखीची होती. म्हणून तर हात झाकला.

त्यांचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून ओळ लावायची, ओळीला ओळ जोडून पान बांधायचं. त्या चिमटीला एका वर्षी कंप सुटला. वडिलांनी तो कधी थंडीच्या नावावर खपवला, कधी उपाशी पोटाच्या. मग एक दिवस बांधलेलं अख्खं पान हातातून निसटलं. अप्पा तेव्हा नुकते नोकरीला लागले होते, वाटेत छापखान्यात डोकावले, तर जमिनीवर अक्षरांचा सडा पडलेला आणि वडील गुडघ्यांवर बसून एकेक अक्षर वेचताहेत, वेचलेलं पुन्हा पडतंय. दुसऱ्या दिवसापासून वडील घरी बसले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं बोलणंही.

अप्पांची तर उभी हयात हातांवर गेली. विमानतळावर बत्तीस वर्षं ते विमानं जागेवर लावायचे. दोन हातांत दोन रंगीत फळ्या घेऊन उन्हातान्हात उभं राहायचं आणि घराएवढ्या धुडाला हातांनीच सांगायचं, ये, ये, अजून ये, थोडं इकडे, बास. आत बसलेला वैमानिक स्वतःच्या डोळ्यांपेक्षा अप्पांच्या मनगटांवर जास्त भरवसा ठेवायचा. एवढी विमानं उभी केली, पण चालवायचं सोडाच, अप्पा पुढच्या खुर्चीत कधी टेकलेही नाहीत. निवृत्त झाले त्या वर्षी लेकीनं हे टेबल मांडून दिलं आणि म्हणाली, आता बाहेर उभं राहणं पुरे, आत बसा.

लेक दूर नोकरीला. लहानपणी तोंडाला कुलूप नसायचं म्हणून तिला टिटवी म्हणायचे. मोठी झाली तशी फोनवर 'हो', 'बरं', 'जेवले' एवढ्यावर आली. पण दर रविवारी सकाळी ती तिच्या घरून आणि अप्पा त्यांच्या घरून एकाच आकाशात छोटी विमानं काढायचे, आणि वर गेलं की टिटवी पुन्हा टिटवी व्हायची. कचेरीतल्या साहेबाच्या नकला, शेजारणीची मांजर, मनात सलणारं एखादं काही. तास कसा जायचा कळायचं नाही. चार वर्षांत एक रविवार चुकला नव्हता.

आता लागोपाठ दोन चुकले होते. त्याआधीच्या रविवारी धावपट्टीवर शेजारी शेजारी धावताना अप्पांचं विमान डावीकडे सटकलं आणि तिच्यावर जाऊन आदळलं. ती हसत सुटली होती, बाबा, डुलकी लागली का? अप्पाही हसले होते. पुढच्या रविवारी त्यांनी पाहुणे आल्याचं सांगितलं, त्याच्या पुढच्या रविवारी वायफाय गेल्याचं.

"उद्याचं कारण ठरलं का, कॅप्टन?" दारातून आवाज आला. "पाहुणे झाले, वायफाय झालं. मी आजारी पडू का?"

ही अप्पांची बायको. अख्खी गल्ली तिला रेडिओबाई म्हणते, कारण रेडिओ होते तोवर गल्लीच्या तोंडाशी तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान गेलं, पण हत्यारांची पेटी पलंगाखाली आहे आणि डोळा अजून तसाच आहे.

अप्पा म्हणाले, काठीच खराब झालीय, नवी आणू. ती म्हणाली, आणू, पण आधी उघडून तर बघू. अप्पा म्हणाले, नको उघडूस. उघडली आणि काठी धडधाकट निघाली, तर मग दोष द्यायला उरणार कोण? जोवर बंद आहे तोवर दोष तिचा.

रेडिओबाईंनी त्यांच्या झाकलेल्या हाताकडे एकदा पाहिलं. पेटी ओढली, खुर्ची ओढली, आणि संगणकावर ते पान उघडलं जिथे जॉयस्टिकच्या प्रत्येक हालचालीची एकेक पट्टी दिसते. मूठ पिळायची पट्टी सगळ्यात खाली.

"हात काढा."

"काढलेलाच आहे."

"मांडीवर नको. खुर्ची मागे घ्या. अजून मागे. आता बघा."

अप्पा आधी खिडकीबाहेर बघत राहिले. मग पडद्याकडे वळले. जॉयस्टिक टेबलावर एकटी उभी होती, तिला वाराही शिवत नव्हता, आणि खालची पट्टी थरथरत होती. मध्येच डावीकडे उडी मारायची, परत यायची, पुन्हा थरथरायची.

"इथं तर कुणाचाच हात नाही," रेडिओबाई म्हणाल्या.

अप्पा उठले. स्वयंपाकघरात गेले, उभ्यानेच तांब्याभर पाणी प्यायले आणि परत आले ते वेगळ्याच आवाजात. म्हणाले, मी केव्हाचा म्हणतोय, काठीच खराब आहे. बाई म्हणाल्या, म्हणाला असाल, मनातल्या मनात. आणि बुडाचे स्क्रू काढायला लागल्या.

आधी त्यांनी वायरी तपासल्या. मूठ पिळली की वायरीही पिळल्या जातात, आणि पिळून पिळून आतून तुटतात. मीटर लावून बघितलं, तिन्ही शाबूत होत्या. मग मुठीच्या खाली, बटणाएवढा एक गोल तुकडा हाताला लागला, आणि बाईंचा चेहरा जुनी मैत्रीण बाजारात भेटावी तसा झाला.

"अहो, हा तर व्हॉल्यूमचा कंट्रोल!"

रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं जे बटण, त्याच्या पोटात हाच तुकडा असायचा. आत घोड्याच्या नालेसारखी काळी वाट, आणि तिच्यावरून सरकणारं एक इवलं पितळी बोट. वाट झिजली, धूळ बसली, की रेडिओ खरखरायचा. आता खरखर कानाला नव्हती, विमानाला होती, एवढाच फरक.

अप्पांना एकदम ते दुकान आठवलं. तापलेल्या राळेचा वास, टेबलावर पोट उघडून बसलेले रेडिओ, आणि त्यांच्यामागे वेणी पाठीवर टाकून बसलेली एक मुलगी. अप्पा घरचा रेडिओ घेऊन गेले होते. तिनं कंट्रोल उघडला, भिंग लावलं आणि मान वर न करता विचारलं, तुमच्याकडे कमी कुणाला ऐकू येतं? अप्पांना राग आला होता. छापखान्याच्या यंत्रांनी वडिलांचे कान नेले होते, पण ते हिला कुणी सांगितलं? सांगितलं होतं झिजेनं. मोठ्या आवाजाच्या टोकाशीच सगळी वाट खरवडली गेली होती. घरातलं काय ते ती एका नालेवर वाचायची. रागावलेले अप्पा पुढच्या आठवड्यात दुसरा, चांगला चालणारा रेडिओ घेऊन गेले, आणि तिनं तोही वाचला.

आता चष्म्यावर भिंग धरून ती पुन्हा तशीच वाकली होती. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून धूळ पुसताना तोंडाने काहीतरी चाललं होतं. लेक नोकरीला दूर गेल्यापासून काम करताना जुळवलेली तिची स्वतःचीच ओवी:

लेक उडाली उडाली, वारा पंखाखाली गं
माझ्या अंगणाची माती, तिच्या नखाखाली गं

ओवी अर्ध्यावर थांबली.

"अहो, तुम्ही सारखं डावीकडे कुणाकडे बघत असता?"

"मी? कुठे?"

"या. बघा."

अप्पांनी भिंगातून पाहिलं. काळ्या वाटेवर, अगदी मधोमध नव्हे, मध्यापासून किंचित डावीकडे, एक पांढुरका चर पडला होता. उजवी बाजू दुकानातून आणली तशी कोरी होती.

पहिल्याच रविवारी टिटवीनं सांगितलं होतं, बाबा, मी तुमच्या डाव्या अंगाला उडेन. तेव्हापासून तिचं पिवळं विमान पडद्याच्या डाव्या काठाशी असायचं. अंतर वाढतंय असं वाटलं की अप्पा मूठ जराशी पिळायचे. फार नाही, तिला कळू नये इतकीच. चार वर्षं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. चिमट्यानं पितळी बोटाला केसभर बाक दिला, म्हणजे ते आता चराच्या शेजारून, न झिजलेल्या जागेवरून सरकेल. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हाची ही त्यांची युक्ती. चर तसाच राहिला.

सगळं बंद करून पुन्हा जोडलं. पट्टी भिंतीतल्या खुंटीसारखी स्थिर. बाई म्हणाल्या, आता हात ठेवा.

अप्पांनी हात ठेवला. पट्टीचं टोक हललं. केसभर इकडे, केसभर तिकडे. दोघांनीही पाहिलं, आणि आता बायको काहीतरी थाप मारेल म्हणून अप्पा थांबून राहिले.

"थोडं आहे," ती म्हणाली. "मला माहीत आहे. चहाचा कप ठेवता तेव्हा बशी वाजते."

"कधीपासून?"

"दोन-तीन महिने झाले. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ. पान निसटेपर्यंत थांबायचं नाही."

मग तिनं संगणकावरच्या त्याच पानावरची एक खूण सरकवली. मध्याच्या आजूबाजूला थोडी जागा मोकळी सोडायची सोय होती. तेवढ्या जागेत हात हलला तर विमान ते मनावर घेत नाही.

"पस्तीस वर्षं तुमच्यासाठी एवढी जागा सोडतेच आहे," ती म्हणाली. "त्यात अजून बोटभर."

अप्पा हसले. पुन्हा हात ठेवला. पट्टी हलली नाही.

रविवारी सकाळी दोन्ही विमानं वर गेली. खाली ढगांचा कापूस, डाव्या काठाशी पिवळं विमान. टिटवीनं विचारलं, वायफाय आलं का एकदाचं? अप्पांनी मूठ नीट धरली.

"वायफाय गेलंच नव्हतं, टिटवे. थोडं काठीत बिघडलं होतं. थोडं माझ्या हातात."

मग अप्पांनी सगळं सांगितलं. आजोबांचे खिळे, वाजणारी बशी, सोमवारचा डॉक्टर. दारात उभ्या रेडिओबाई म्हणाल्या, आणि काठी कशानं झिजली तेही सांगा की. तेही सांगितलं.

टिटवी बोलली तेव्हा तिचा आवाज ओला होता, पण आत हसू होतं.

"मग मी आता उजवीकडे येऊ का, बाबा? म्हणजे झीज सारखी होईल."

पिवळं विमान जरा खाली उतरलं, अप्पांच्या पोटाखालून गेलं आणि उजव्या काठाशी वर यायला लागलं. अप्पांचा डावा हात आपोआप उचलला गेला. तिला तो दिसणार नव्हता, आणि तोही किंचित कापत होता, तरी बत्तीस वर्षांच्या सवयीनं तो तिला सांगत राहिला, ये, ये, अजून ये, थोडं इकडे.

बास.