पाय जमिनीला न लावता

दिवेआगरच्या वाड्यांमध्ये अंबाजीचं नाव निघालं की लोकांच्या माना आपोआप वर जात. सकाळी एकदा सुपारीवर चढला की शेंडा वाकवून तो पुढचं झाड धरी, तिथून त्याच्या पुढचं. ओळ संपेपर्यंत पाय जमिनीला लागत नसे. म्हणून तो पाणीही पीत नसे. पाणी प्यालं की मधे उतरावं लागतं, आणि मधे उतरतो तो कसला चढणारा!

यंदा मात्र मूळव्याधीने गाठलं. रक्त पडे, खोडाला पाय आवळले की डोळ्यांपुढे काजवे चमकत. अवघड जागेचं दुखणं. जावई डॉक्टर नव्हता, एवढंच नशीब.

केसरपासून, त्याच्या बायकोपासून, ते लपलं नाही. तिने सुरण रांधला. पुतण्या हर्षदने मलम आणलं. आग शमे, पण झाडावर चढलं की येरे माझ्या मागल्या. कोमट पाण्याच्या टबात बसलं की फार बरं वाटे, पण टब काही शेंड्यावर नेता येईना.

शेवटी श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी तपासलं. "ऑपरेशन नको, काका. मलम आणि शेक दुखणं कमी करतात, खडा होतो त्याचं काय? पालेभाजी, इसबगोल आणि दिवसभर पाणी."

अंबाजीने इसबगोल घेतलं, पाणी तेवढं टाळलं. पोटाचा दगड झाला.

"यंदा दुसरा मानूस लावू," केसर म्हणाली. हे त्याला दुखण्याहून जास्त लागलं.

चार दिवस पडून राहिला आणि पुन्हा चढला. घड दोरीने खाली सोडला. दोर वर ओढला तर जड. टोकाला पाण्याची बाटली, आणि खाली केसर उभी.

"आन् उतराया लागलं तर?"

"उतरा. कोन काय बोलतो, म्या बगते."

तो प्याला, आणि ओळीच्या मधेच उतरलाही. शेजारच्या वाडीतल्या झाडावरून मोरू हसला, "काका, दमलाव काय?"

"पानी प्यालो, म्हनून उतरलो. आता चढतो, बग."

आणि चढला. खाली केसरचा ऊर अभिमानाने भरून आला. असा नवरा साऱ्या पंचक्रोशीत नाही, असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

हळूहळू रक्त थांबलं. अंबाजी दिवसातून दोनदा उतरे आणि तरी सगळ्यांच्या आधी ओळ संपवी. मोरू आता हसत नव्हता. एके सकाळी त्याचा दोर कुंपणापलीकडून केसरच्या पुढ्यात येऊन पडला.

"काकी," मोरू वरून हळूच म्हणाला, "एक बाटली हिकडं पन बांदा."