हॅलोमावशींचा मंगळवार

चर्चच्या मंडळीतल्या आजारी आणि एकट्यादुकट्या माणसांची विचारपूस करायला चौदा जणांचा एक गट होता. कुणी औषधं आणून द्यायचं, कुणी डबा पोचवायचं, कुणी दवाखान्यात सोबत जायचं. दर रविवारी उपासना संपली की पाळकीणबाई दाराशी उभ्या राहून वही उघडत आणि कुणी कुणाकडे जायचं ते लिहून घेत. तेरा जणांची सोय झरझर लागे. चौदाव्यापाशी मात्र त्यांचं पेन अडे.

चौदाव्या म्हणजे हॅलोमावशी. त्यांनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून द्यायची, आणि स्वतः बोलायचं ते एवढंच : हॅलो, नंबर सांगा, थांबा, बोला. निवृत्त झाल्या आणि एकतीस वर्षांचं तुंबलेलं बोलणं एकदम वाट फुटून वाहू लागलं. मनाने बाई सोनं. कुणाच्या अडीनडीला कधी नाही म्हणाल्या नाहीत. पण तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आवरायचा कुणी? एका हृदयरोग्याने डॉक्टरांची चिठ्ठीच आणून दाखवली, की पाहुणे दहा मिनिटांपेक्षा जास्त नकोत. दुसऱ्या गल्लीतल्या आजी तर मावशींनी फाटक वाजवलं की डोळे मिटून घोरायलाच लागत. मावशी घरी येऊन कौतुकाने सांगत, ‘‘बिचारीला मी गेले की कशी शांत झोप लागते.’’

अशात घड्याळजींना अर्धांगाचा झटका आला. चौकातल्या दुकानात चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस मुळातच मितभाषी. गिऱ्हाइकाला ‘गुरुवारी’ म्हणाले, की ते त्या दिवसाचं भाषण. झटक्याने उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, जिभेवर काही येत नव्हतं. त्यांची मुलगी शाळेत शिक्षिका, वडिलांना तीच सांभाळायची. वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, की यांच्यासमोर कुणीतरी नेमाने बसून बोलत राहिलं पाहिजे. कानावर शब्द पडले, तरच जीभ जागी होईल. मुलीने हे पाळकीणबाईंना सांगितलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पाळकीणबाईंचं पेन चौदाव्या नावापाशी अडलं नाही.

मावशी दर मंगळवारी चार वाजता जाऊ लागल्या. घड्याळजी खिडकीशी टेबलासमोर बसलेले असत. टेबलावर चिमटे, भिंग आणि उघडी पडलेली दोन-तीन घड्याळं. डावा हात त्यांच्यातून उगाच फिरत असे. समोरच्या खुर्चीत मावशी बसत आणि एक्स्चेंज सुरू करीत. बोर्डावरचे दिवे, अडकलेल्या तारा, चुकीच्या घरी जोडलेलं लग्नाचं बोलणं आणि त्यातून खरंच जमलेलं लग्न. मुलगी आत वह्या तपासता तपासता हसायची. घड्याळजी मात्र हसत नसत आणि झोपतही नसत. मावशींना तेवढं पुष्कळ होतं.

सहाव्या मंगळवारी त्यांनी दोन भावांची गोष्ट काढली. थोरला भाऊ दर सोमवारी बरोबर अकरा वाजता धाकट्याला फोन जोडून मागायचा, तीन मिनिटांचा. धाकटा फोन उचलायचा. दिवा लागलेला दिसायचा, पण दोघंही अवाक्षर बोलायचे नाहीत. तीन मिनिटं झाली की दोघं फोन ठेवायचे. असे किती सोमवार गेले. मग एके दिवशी मावशींना वाटलं, लाइनच मेली असणार. त्यांनी तार उपटायला हात घातला, आणि –

‘‘पुरे,’’ घड्याळजी म्हणाले.

आवाज जाड होता, फाटका होता, पण शब्द स्वच्छ. मुलगी आतून धावत आली, तिच्या हातातली वही जमिनीवर पडली. तिने वडिलांना मिठी मारली, मावशींना मिठी मारली, पाळकीणबाईंना फोन लावला. मावशींच्याही डोळ्यांत पाणी आलं. देवाचे आभार मानत त्या जिना उतरल्या. शेवटच्या पायरीवर मात्र त्या थबकल्या. तीन महिने मुका असलेला माणूस तोंड उघडतो, आणि त्याला पहिलं काय म्हणावंसं वाटतं?

त्या तशाच पाळकीणबाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, ‘‘खरं सांगा, मी फार बोलते का?’’

पाळकीणबाईंना खोटं बोलता येईना आणि खरं बोलवेना. ‘‘थोडं,’’ त्या म्हणाल्या. त्या थोड्यातून हळूहळू सगळंच बाहेर आलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आजींचं घोरणंसुद्धा. मावशींनी ऐकून घेतलं, चहा अर्धा ठेवला आणि घरी गेल्या. पुढचा मंगळवार आला. चार वाजले. मावशींनी कपाट आवरलं, आवरलेलं पुन्हा आवरलं. भाजीवाल्याशीसुद्धा त्या बोटांनीच बोलल्या. तो बिचारा घाबरून विचारू लागला, की घरात सगळं ठीक आहे ना.

शनिवारी घड्याळजींची मुलगी दारात आली. बाबांनी त्या दिवसानंतर एक शब्द काढला नव्हता, ती म्हणाली. मंगळवारी चारपासून ते दाराकडे बघत बसले होते, दिवेलागणीला तिनेच त्यांना उठवलं. मावशींनी कारण सांगितलं नाही, पण येते म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्या गेल्या, पण मनाशी घट्ट ठरवून. खुर्चीत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, तोंडाला कुलूप घातलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. टेबलावरच्या घड्याळाची टिकटिक एवढी मोठी असते, हे त्यांना नव्यानेच कळत होतं. घड्याळजी त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांची मान ताठ झाली, ओठ वाकडेतिकडे झाले, आणि पुन्हा तोच शब्द आला.

‘‘पुरे.’’

आता मात्र मावशींना राहवेना. ‘‘अहो घड्याळजी, मी तर चकार शब्द काढला नाही. पुरे काय?’’

घड्याळजींनी जोरजोरात मान हलवली. चेहरा लाल झाला. ‘‘पुरे, पुरे,’’ ते चिडून म्हणाले. मग त्यांनी डाव्या हाताने टेबलावरचं मोठं घड्याळ ओढून घेतलं. त्याला काच नव्हती. बोट त्यांनी मिनिटकाट्यावर ठेवलं आणि काटा ढकलला. एक घर, दोन घरं. पुन्हा मावशींकडे बोट दाखवलं, पुन्हा काटा ढकलला.

मावशी काट्याकडे बघत राहिल्या. एकतीस वर्षं खरखरणाऱ्या तारांतून लोकांचे अर्धेमुर्धे शब्द ओळखलेला कान होता तो. ‘‘पुढे?’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘पुढे काय झालं, असं विचारताय?’’

घड्याळजींनी डोळे मिटले आणि खुर्चीत मागे रेलले, अवघड दुरुस्ती हातावेगळी झाल्यासारखे. जिभेला ‘ढ’ पेलत नव्हता, एवढंच. तार उपटायला हात घातला, आणि काय झालं, या विचारात माणूस अकरा दिवस लटकलेला होता.

मावशींनी पदराने डोळे पुसले आणि नाकही पुसलं. मग सांगितलं. तार उपटण्याआधी त्यांनी नियम मोडून मध्येच तोंड घातलं होतं : अहो, कुणीतरी बोला, वेळ संपत आली. त्याबरोबर दोन्हीकडून दोघं भाऊ एकाच वेळी ओरडले, की बाई, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. मग थोरला धाकट्याला म्हणाला, बघितलंस, कसल्या बाया ठेवल्यात. धाकटा म्हणाला, तक्रारच करू आपण. त्या तक्रारीचा मजकूर ठरवायला दोघं नऊ मिनिटं बोलले.

‘‘आणि माझ्या पगारवाढीत तीन महिने खोडा बसला,’’ मावशी म्हणाल्या.

घड्याळजी हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण पोट हलेपर्यंत.

डॉक्टरीणबाईंना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, की आता नुसतं सांगू नका, वाक्य अर्धं सोडा आणि थांबा. मावशींच्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड काम ठरलं. ‘‘मग तो साहेब आला आणि मला म्हणाला...’’ एवढं बोलून ओठ दाबून बसायचं. एकदा तर पुढच्या शब्दाला चार मिनिटं लागली. मावशी घामाघूम झाल्या, पण शब्द घड्याळजींनीच काढला. शब्द चुकीचा होता. मावशींनी मात्र तो गोष्टीत बसवून घेतला आणि गोष्ट आणखी रंगली.

थांबायची ही सवय मावशींना बाहेरही लागली. लोक त्यांना काही सांगू लागले. दुसऱ्या गल्लीतल्या आजी एका दुपारी घोरायचं विसरून आपल्या माहेरची हकिगत दीड तास सांगत बसल्या, आणि मावशींनाच एक डुलकी लागली.

थंडी सरता सरता वहीत पंधरावं नाव चढलं. घड्याळजींनी ते डाव्या हाताने स्वतः लिहिलं. पहिल्याच रविवारी पाळकीणबाईंनी त्यांना मावशींबरोबर एका सुताराकडे धाडलं. सुताराचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि तो पडल्या पडल्या सगळ्या घरावर खेकसत होता. मावशी बोलायला लागल्या. घड्याळजींनी पलंगाशेजारचं बंद पडलेलं घड्याळ उचललं, कानाशी धरलं आणि सुतारासमोर ठेवलं.

‘‘पकड,’’ ते म्हणाले. ‘‘एक हात... माझा. एक तुझा.’’

सुतार खेकसायचं थांबला आणि त्याने घड्याळ धरलं.